साडेचार हात

गोधडीसाठी निळ्या कापडाचे ७५ चौकोन पाहिजे होते आणि निघाले ५४. ओसरीत चटई टाकून दहा-दहाच्या गड्ड्या लावल्या, पुन्हा मोजले, लेकीलाही मोजायला लावले, तरी ५४च. हळदी रंगाचेही ५४. म्हणजे दोन्हीचे २१-२१ कमी, आणि हातात उरलं काय तर काठाकडची साडेतीन इंचाची एकेक उभी पट्टी. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकात लक्षच नव्हतं माझं. कापड कापून झालेलं असलं की ते परत जोडता येत नाही ना, हीच शिवणकामातली सगळ्यात मोठी भीती असते.

झालं असं की लेक यंदा अमरावतीला नर्सिंगला लागली. होस्टेलवर लोखंडी पलंग, पातळ गादी आणि खिडकी उत्तरेकडे. आमच्या इकडे, आर्वीच्या पलीकडे वर्धा नदीच्या बाजूला, उन्हाळा जेवढा भाजून काढतो तेवढीच पौषातली पहाट बोचते, तुरीच्या शेतातून वारा आला की घरात बसूनही कळतं. तिकडे अमरावतीला तर वर मेळघाटाचे डोंगर. मी म्हटलं ब्लँकेट घेऊ, तर तिने मोबाईलवर एक फोटो काढून दाखवला. चौकड्याची गोधडी, बुद्धिबळाच्या पटासारखी, एक निळा एक पिवळा, एक निळा एक पिवळा. म्हणे आई अशी करून दे ना, सारख्या कापडाची. मला मनापासून आवडलं ते. इतकी वर्षं मी वाकळी शिवल्या त्या घरात जे फाटलं, विटलं, आखूड झालं त्याच्या. आधी चिंध्या, मग वाकळ. आधी चित्र आणि मग कापड असं पहिल्यांदाच करायचं होतं.

आणि तिथेच माझा हिशेब चुकला.

हिशेब मी केला तो शाळेतल्या क्षेत्रफळाचा. पलंगावरून दोन्ही बाजूंनी खाली यावी म्हणून गोधडी ६० बाय ९० इंच धरली. चौकोन ६ इंचाचा. म्हणजे आडवे १०, उभे १५, सगळे मिळून १५०, त्यातले ७५ निळे आणि ७५ हळदी. एका चौकोनाचं क्षेत्रफळ ३६, गुणिले ७५, झाले २७०० चौरस इंच. दुकानात पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४ इंचाचा होता, २७०० ला ४४ ने भागलं की ६१ आणि वर थोडं, म्हणजे एक मीटर छप्पन सेंटीमीटर. मी एक मीटर साठ घेतलं दोन्हीचं आणि वर चार सेंटीमीटर जास्तीचं घेतलं म्हणून समाधानाने घरी आले. कागदावर यात एकही गुणाकार चुकलेला नाही, आजही करून बघा.

चुकलं ते हे की शिवल्यानंतर सहा इंच दिसणारा चौकोन कापताना सहाचा नसतोच. चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत जातं, म्हणून कापायचा साडेसहाचा. हे मला माहीत नव्हतं का? पंचवीस वर्षं ब्लाऊज शिवते मी, शिलाईपुरता दाब सोडल्याशिवाय कधी कात्री लावली नाही, चौकोनही साडेसहाचेच कापले. पण दुकानात कागदावर आकडे मांडताना डोळ्यासमोर फोटोतला चौकोन होता, कापलेला नव्हता. अर्धा इंच म्हणजे काय मोठं, असं वाटतं. तर ३६ चौरस इंचाऐवजी सव्वाबेचाळीस लागतात. एका तुकड्यामागे सव्वासहा चौरस इंच कापड आत दुमडून जातं, दीडशे तुकड्यांचं मिळून सव्वानऊशेच्या वर. ४४ पन्ह्याचं धरलं तर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त कापड असं, जे गोधडीत असतं पण कोणाला कधीच दिसणार नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. कापड काही पीठ नाही की राहिलेलं गोळा करून अजून एक पोळी लाटता येईल. चौकोन पन्ह्यावर बसला पाहिजे, अख्खा. ४४ चा पन्हा भिजवून वाळवला की ४३ राहिला, काठाची जाड किनार दोन्हीकडून कापून टाकली की साडेबेचाळीस. त्यात साडेसहाचे सहा बसतात, ३९ इंच. सातव्याला साडेपंचेचाळीस लागतात, ते नाहीतच. म्हणजे एका आडव्या पट्टीत सहाच. ७५ ला सहाने भागलं तर साडेबारा, आणि अर्धी पट्टी कोणी देत नाही, म्हणून १३ पट्ट्या. १३ गुणिले साडेसहा झाले साडेचौऱ्यांशी इंच, म्हणजे जवळपास दोन मीटर पंधरा. धुण्यात आटेल त्याचं धरून सव्वादोन मीटर घ्यायला पाहिजे होतं. नवीन सुती कापड पहिल्या पाण्यात शंभराला तीन ते पाच तरी आटतंच. माझं १६० सेंटीमीटरचं कापड भिजवल्यावर ६१ इंच भरलं, त्यात पट्ट्या निघाल्या नऊ, नऊ सक चोपन्न.

तेव्हापासून मी क्षेत्रफळ सोडूनच दिलं. आता आधी विचारते पन्ह्यात किती बसतात, मग पट्ट्या किती, मग पट्ट्यांची उंची किती. याच क्रमाने. भागाकारात उरलं की पुढचा पूर्ण आकडा धरायचा, मागचा नाही. आणि पन्हा स्वतः टेप लावून बघायचा, ताग्यावर काय लिहिलंय ते सोडून द्यायचं. मागे एकदा वर्ध्याला मगन संग्रहालयात गेले होते, १९३८ साली गांधीजींच्या हातून उघडलेलं ते, तिथून खादी आणली होती ती ३६ पन्ह्याची. त्या पन्ह्यात साडेसहाचे पाचच बसतात, मग ७५ ला पंधरा पट्ट्या, साडेसत्त्याण्णव इंच, अडीच मीटर. उलट ५८ पन्ह्याचं घेतलं तर आठ बसतात, दहा पट्ट्यांत काम होतं, ६५ इंच. आणि यात जीव हळहळतो तो असा, की ५८ मध्ये नववा चौकोन फक्त अर्ध्या इंचाने बसत नाही. अशा वेळी चौकोनच जरा लहान घ्यावा, सहाच्या जागी पावणेसहाचा, कोणाला कळणार पण नाही. चित्र काही दगडावर कोरलेलं नसतं.

वाराचा आणि मीटरचा घोळ वेगळाच. गोधड्यांचे जे नमुने मोबाईलवर बाहेर देशातले येतात ते यार्डात असतात, यार्ड म्हणजे आपला वार, ३६ इंच. मीटर ३९ इंच आणि वर थोडं. वजनमापं मेट्रिक करायचा कायदा १९५६ चा, तरी आमच्या गावात बायकांच्या तोंडून वार काही गेला नाही, लुगडं नऊवारीच म्हणतो, आठ मीटर तेवीस सेंटीमीटरचं कोणी म्हणत नाही. तर यार्डातला आकडा तसाच मीटर म्हणून सांगितला तर दर मीटरमागे सव्वातीन इंच जास्त मिळतं, नुकसान होत नाही, पण आठ-दहा मीटरच्या खरेदीत पैसे जातात. याच्या उलट कोणी केलं, म्हणजे मीटरचा आकडा वारात मोजून घेतला, तर मात्र हमखास कमी पडणार.

पुढच्या बाजाराला मी गेले. निळा तुकडा पदराला पिन करून नेला होता. दुकानातला तागा संपला होता. दुसरा निळा दाखवला त्याने, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तोच वाटला, उन्हात आणला तर जांभळट. मी तो घेतला नाही. इतक्या जवळचा पण न जुळणारा रंग लावण्यापेक्षा सरळ लाल लावावा असं माझं मत आहे, कारण लाल हा आपण ठरवून लावलेला वाटतो.

मग माहेरी गेले, सीतादहीच्या निमित्ताने. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी लागायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य असतो त्याचं हे नाव. भाऊ आणि वहिनी शेतात पुढे गेले आणि मी आईजवळ बसून सगळं रडगाणं सांगितलं, ५४ चं आणि २१ चं. आई ऐकून घेत होती, हातात सुपातल्या तुरी. मग म्हणाली, "अव बाई, पयले माणूस मोजाचा, मंग कापड. लेक केवढी हाय तुही?"

मी म्हटलं पाच फूट तीन.

"मंग साठ बाय नव्वद कायले पायजे तिले? दोघी झोपतेत का त्या पलंगावर?"

आणि उठून आतल्या खोलीतून, पेटीवर रचलेल्या ढिगाच्या तळातून, आजीच्या हातची वाकळ काढून आणली. आई तिला वाकय म्हणते, आमच्या वऱ्हाडी बोलीत ळ चा य होतो. ही वाकळ मी लहानपणी पांघरलेली आहे. वरचं कापड इतकं झिजलं की बोट लावलं तरी सुत वेगळं होतं, पण टाके शाबूत. दाभणाने घातलेला जाड पांढरा धावदोरा, काठाशी समांतर, एकाच्या आत एक चौकोन करत मध्यापर्यंत आलेला, आणि अगदी मधोमध शेवटच्या चौकोनात दोन बोटं मावतील एवढीच जागा. एका कोपऱ्याला शिवण उसवली होती तिथून आतले पदर दिसत होते. मी मोजले, चार. चारही एकाच कापडाचे, एकाच काठाचे, चॉकलेटी पट्टी आणि तिच्यात बारीक रुईफूल. म्हणजे आत भरलेलं जुनंपानं काहीच नव्हतं, एक अख्खं लुगडं चार घड्या घालून शिवलेलं, आणि ठिगळं आली ती नंतर वरून, जिथे जिथे विरलं तिथे तिथे.

टेप लावला. ७८ बाय ४३.

आई म्हणाली, "लुगडं नऊ वार. वारात दोन हात, म्हंजे अठरा हात. चार पदर केले का साडेचार हात. माणूस साडेतीन हाताचा. वरचा एक हात पाय गुंडायाले अन् तोंडावर घ्याले." एवढं बोलून ती पुन्हा तुरी पाखडायला लागली.

मी तिथेच बसून मनात आकडे फिरवले. हात म्हणजे १८ इंच. साडेतीन हात ६३ इंच, पाच फूट तीन इंच, माझ्या लेकीची उंची. साडेचार हात ८१ इंच. आणि वाकळ ७८ भरली म्हणजे तीन इंच कमी, ते इतक्या वर्षांच्या धुण्यात आणि टाक्यांच्या ओढीत गेले. साडेतीन हात देह हे मी कीर्तनात शंभरदा ऐकलंय, त्याचा असा शिवणकामातला उपयोग असेल हे कधी डोक्यात आलं नाही. मला वाटायचं आजीच्या काळी माप-बिप काही नव्हतं, असेल ते जोडायचं आणि होईल तेवढी होईल. अक्षरओळख नव्हती तिला. पण एका लुगड्यात एक माणूस, कापडाचा एक इंचही वाया न जाता, हा हिशेब तिच्याकडे पक्का होता. पन्हासुद्धा तिने तसाच राहू दिला, काठाला काठ. एका अंगावर झोपणाऱ्याला तेवढी रुंदी पुरते. दोघांची पाहिजे असली की दोन लुगडी शेजारी शेजारी जोडायची, आई म्हणाली.

घरी आले आणि कागद पुन्हा मांडला, या वेळी लेकीपासून. लांबी ७८ पाहिजे. जवळ दोन्ही मिळून १०८ चौकोन. १०८ म्हणजे ९ गुणिले १२. नऊ आडवे, ५४ इंच रुंद, पलंगाला भरपूर. बारा उभे, ७२ इंच. कमी पडले सहा इंच. आणि त्या दोन पट्ट्या होत्याच की, काठाकडच्या, साडेतीन इंचाच्या, ६१ लांबीच्या, एक निळी एक हळदी. साडेतीनची पट्टी शिवल्यावर तीन राहते. वर एक, खाली एक, सहा इंच. निळी वरती लावली, हळदी खालती. ५४ बाय ७८. चौकोन एकही उरला नाही, कमीही पडला नाही. रात्री साडेअकराला मी हे यांना उठवून दाखवलं.

शिवताना पाव इंच मात्र डोळ्यात तेल घालून सांभाळलं. बारा चौकोनांच्या उभ्या ओळीत अकरा जोड येतात, एकेका जोडात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त गेलं तरी ओळीमागे जवळपास दीड इंच जातो, आणि मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत. मशीनच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर मी जाड चिकटपट्टी लावून घेतली, कापड तिला टेकवून चालवायचं. पहिली ओळ शिवून मोजली, ७२ आणि दोन्ही टोकांचा पाव-पाव इंच, साडेबहात्तर पक्के. तेव्हा कुठे बाकीच्या आठ शिवायला घेतल्या.

अस्तराला माझी सुती पाचवारी काढली, मऊ झालेली. अस्तर वरच्यापेक्षा चारही बाजूंनी चार इंच मोठं लागतं, टाके घालताना कापड सरकतं आणि आत ओढलं जातं म्हणून. म्हणजे ६२ बाय ८६. सवयीने मी उभं जोडणार होते, ८६-८६ चे दोन तुकडे, १७२ इंच. मग साडी आडवी फिरवून बघितली. पन्हा ४५, दोन पन्हे जोडले की साडेएकोणनव्वद, ८६ ला पुरतात, आणि लांबी मग ६२ चीच दोनदा लागते, १२४. नुसतं फिरवल्याने ४८ इंच वाचले, सव्वा मीटरच्या जवळ. उरलेला तुकडा आतल्या थरात घातला, यांच्या एका जुन्या धोतराबरोबर. कापड विकत घेणाऱ्यांनी तर हे दोन्ही बाजूंनी फिरवून बघितल्याशिवाय दुकानात जाऊच नये असं मी सांगेन.

गोटाला, म्हणजे कडेने फिरणाऱ्या पट्टीला, अर्धा मीटर नवीन घेतलं, निळ्याच्या जवळचं काही न घेता सरळ मेंदी हिरवं. घेराचा हिशेब ५४ आणि ७८, दुप्पट २६४, कोपरे वळवायला आणि टोक जोडायला दहा, २७४. अडीच इंची पट्ट्या सात, साडेसतरा इंच. अर्ध्या मीटरमध्ये पावणेवीसला थोडे कमी इंच असतात, आरामात बसलं. माझी पहिली, ६० बाय ९० वाली गोधडी केली असती तर आठ पट्ट्या लागल्या असत्या, वीस इंच, आणि अर्धा मीटर तिथेही पाव इंचाने कमी पडला असता.

टाके हातानेच घातले, काठापासून आत, आजीसारखे. पण माझे तेवढे सरळ आले नाहीत, मध्यापर्यंत येता येता शेवटचा चौकोन जरा लांबट झाला. वेचणीचे दिवस, दिवसा वेळ नाही, रात्री दोन ओळी व्हायच्या.

आता नणंदेच्या नातवाला दुपट्याएवढी एक करायची आहे, त्रिकोणांची. त्रिकोणाचं माप अजून चिवट. सहा इंचाच्या चौकोनात दोन त्रिकोण पाहिजे असतील तर चौकोन साडेसहाचा कापून चालत नाही, तिरप्या बाजूलाही शिलाई येते आणि ती टोकाकडे जास्त खाते. पावणेसात इंच आणि वर एक सूत एवढा चौकोन कापून मधून तिरपा छेदायचा. गावातल्या सुतारकाकांना दाखवलं तर त्यांनी लगेच मान डोलावली, चौकटीचा तिरपा सांधा असाच कापतात म्हणाले. दुपटं ३६ बाय ३६ चं धरलंय, कापड अजून आणलेलं नाही. आधी बाळ बघून येते.

लेकीचा परवा फोन आला. थंडी पडली म्हणे तिकडे. रूममेटने एक दिवस गोधडी उलटी घेतली होती, तर हिने तिला थांबवलं की अगं निळी पट्टी डोक्याकडे, हळदी पायाकडे, पायाची बाजू तोंडावर घ्यायची नाही. मी तसं काही ठरवून लावलं नव्हतं, पण छान झालं ते. मग म्हणाली आई, तिला पण अशीच एक पाहिजे, कापडाचे पैसे देते म्हणते, किती मीटर लागेल ते सांग.

मी म्हटलं, तिची उंची किती आहे ते विचार आधी.